‘गन’ म्हणजे काय? : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि पर्याय



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषयांवर व्याख्याने होत असतात. त्या मानाने माझा आजचा विषय फारच आटोपशीर आहे. इंग्रजीत तो तीन अक्षरांचा आहे आणि देवनागरीत लिहिला तर दोनच अक्षरांत मावतो. ‘गन’ हा तो शब्द. वर्तमानपत्रात तो आपण रोज वाचतो, चित्रपटात ऐकतो, आणि जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानातही तो आपल्याला भेटतो. इतक्या ओळखीच्या शब्दाबद्दल तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे आपणांस वाटेल. पण ओळखीचे शब्दच पुष्कळदा आपल्याला फसवतात. अनोळखी शब्द दिसला की आपण कोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी कोण उघडतो?

आणि कोश उघडला तरी काय दिसते? ‘गन’ ह्या शब्दापुढे ‘बंदूक, तोफ, पिस्तूल’ असे दोनतीन शब्द स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात. हा स्वल्पविराम मोठा फसवा आहे. तो पाहून वाचकाची समजूत होते की, ही एकाच वस्तूची तीन नावे आहेत आणि त्यांतले कोणतेही उचलले तरी चालेल. वस्तुतः तोफ, बंदूक आणि पिस्तूल ह्या तीन निराळ्या वस्तू आहेत. तोफ गाड्यावर चढवून ओढून न्यावी लागते, बंदूक खांद्याला लावून झाडावी लागते, आणि पिस्तूल एका हातात मावते. जे काम इंग्रजीचा एक शब्द ढोबळपणे करतो, तेच मराठीचे तीनचार शब्द नेमकेपणाने करीत आले आहेत. मला आज सांगायचे आहे ते एवढेच की, ह्या एका शब्दाचा अर्थ बोलणारा कोण आणि प्रसंग कोणता ह्यांवर ठरतो. आणि आपल्या पदरी नेमकी नावे असताना ती टाकून सरसकट ‘गन’ म्हणत सुटणे हे आपल्याला परवडणारे नाही. हे का परवडणारे नाही, ते शेवटी आपोआप ध्यानात येईल.

शब्दाचा जन्म

आधी ह्या शब्दाचे मूळ पाहू. ‘गन’ हा शब्द बहुधा एका बाईच्या नावावरून आला, असे सांगितले तर आपण हसाल. पण इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांचे सर्वसाधारण मत तसेच आहे. इंग्लंडात विंडसर नावाचा राजाचा किल्ला आहे. तेथील शस्त्रागाराच्या १३३० च्या सुमाराच्या एका लॅटिन यादीत बाण फेकणाऱ्या एका मोठ्या यंत्राची नोंद असून, त्याचे नाव ‘डोमिना गुनिल्दा’, म्हणजे ‘गुनिल्दाबाईसाहेब’ असे दिले आहे. गुनिल्दा किंवा गुनहिल्ड हे उत्तरेकडील नॉर्स लोकांमधील स्त्रियांचे नाव. त्याचे दोन भाग आहेत आणि गंमत अशी की, त्या दोन्ही भागांचा अर्थ ‘युद्ध’ असाच आहे. ह्या नावाचे लाडके, आखूड रूप ‘गुन्ना’. आधी ते दगड आणि बाण फेकणाऱ्या यंत्रांना लागले आणि पुढे दारूने उडणाऱ्या यंत्राला लागून कायमचे चिकटले.

युद्धयंत्राला बाईचे नाव देण्याची ही चाल एकट्या गुनिल्देपाशी थांबली नाही. एडिंबरोच्या किल्ल्यावर पंधराव्या शतकातली ‘मॉन्स मेग’ नावाची अवाढव्य तोफ आहे. मेग म्हणजे मार्गारेट. अठराव्या शतकातले इंग्रज शिपाई आपल्या बंदुकीला ‘ब्राउन बेस’ म्हणत; बेस म्हणजे एलिझाबेथ. १९१४ साली बेल्जमच्या लिएज शहराचे किल्ले फोडणाऱ्या ४२ सेंटिमीटर तोंडाच्या जर्मन तोफेला ‘थोरली बर्था’ हे नाव पडले, ते क्रुप घराण्याच्या मालकिणीवरून. आपल्याकडे जंजिऱ्याच्या बुरुजावर ‘कलालबांगडी’ बसलेली आहे, ती पुष्कळांनी पाहिली असेल. ज्या वस्तूची भीती वाटते तिला माणूस ओळखीचे नाव देतो. सर्पाला आपण ‘लांबडे’ म्हणतो, देवीच्या रोगाला ‘देवी’ म्हणत आलो. तोच हा प्रकार होय.

बोलणारा कोण?

आता आजच्या अर्थांकडे वळू. इंग्रजी बोलणाऱ्या पाच माणसांना आपण ‘गन’ म्हणजे काय असे विचारले, तर पाच निराळी उत्तरे येतील.

तोफखान्यातला अधिकारी म्हणेल, गन म्हणजे तोफ. आणि तीही कोणतीही नव्हे. लांब नळीची, गोळा अतिवेगाने आणि बराचसा सपाट मार्गाने फेकणारी जी तोफ, तीच खरी गन. आखूड नळीची, गोळा उंच फेकून डोंगराच्या पलीकडे टाकणारी ती हॉवित्झर. आणि गोळा जवळजवळ उभा आकाशात फेकून शत्रूच्या डोक्यावर उतरवणारी ती मॉर्टर. आपल्या नाशिकजवळ देवळालीला सैन्याची तोफखान्याची शाळा आहे. तिथल्या शिकाऊ अधिकाऱ्याने ह्या तिघींत घोटाळा केलेला चालणार नाही. पण वर्तमानपत्रांना तो चालतो. १९८६ साली भारत सरकारने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून ४१० तोफा घेण्याचा करार केला आणि त्यावरून पुढे सारा देश ढवळून निघाला. वर्तमानपत्रांतली ती ‘बोफोर्स गन’ वस्तुतः १५५ मिलिमीटरची हॉवित्झर होती. म्हणूनच १९९९ साली कारगिलच्या उंच कड्यांवर गोळे टाकण्यास ती उपयोगी पडली. तेवढ्यातही मौज अशी की, त्याच बोफोर्सची ४० मिलिमीटरची विमानवेधी तोफ आपल्या सैन्यात त्याआधीपासून होती. तेव्हा नुसते ‘बोफोर्स गन’ म्हटल्याने जमिनीवरचा डोंगर फोडणारी की आकाशातले विमान पाडणारी, हेसुद्धा कळत नाही.

पायदळातला शिपाई आपल्या हातातल्या रायफलीला सहसा ‘गन’ म्हणत नाही. त्याच्या भाषेत ती रायफलच. ‘गन’ म्हटले की त्याला मशीनगन आठवेल. उलट, जुन्या शिकाऱ्याला विचारा. ‘गन’ आणि ‘रायफल’ ह्या त्याच्या लेखी परस्परविरुद्ध वस्तू. गन म्हणजे गुळगुळीत नळीची, छऱ्यांचे काडतूस उडवणारी, पाखरांच्या शिकारीची बंदूक. आणि रायफल म्हणजे एकच गोळी दूरवर अचूक धाडणारी, मोठ्या जनावरासाठी वापरायची. शहरातला पोलीस किंवा अमेरिकन चित्रपटातला गुन्हेगार ‘गन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असते. आणि मोटारींच्या कारखान्यातल्या कारागिराला विचाराल तर तो म्हणेल, ‘कोणती? ग्रीसची की रंगाची?’ नळी आहे, चाप आहे, आणि चाप दाबला की आतले बाहेर जोराने येते, एवढ्या साम्यावर ही सारी कुटुंबाची मंडळी झाली. २०२० सालच्या महामारीत दारोदार कपाळावर रोखल्या जाणाऱ्या तापमापकालाही लोक ‘गन’च म्हणू लागले, तिच्यातून तर काही बाहेरही पडत नाही!

आणखी एक अर्थ मानाचा आहे. ‘एकवीस गनची सलामी’ म्हणजे एकवीस तोफा नव्हेत, एकवीस बार. तोफा त्याहून पुष्कळ कमी असतात आणि त्या आळीपाळीने उडवतात. इंग्रजी अमदानीत संस्थानिकांचा दर्जा ह्या बारांवर मोजला जाई. बडोदे आणि ग्वाल्हेर ही एकवीस तोफांची संस्थाने, कोल्हापूर एकोणीस तोफांचे. येथे ‘गन’ हे शस्त्रही उरले नाही, ते प्रतिष्ठेचे माप झाले. स्वतंत्र भारतात २६ जानेवारीची दिल्लीतली सलामी वर्षानुवर्षे ब्रिटिश बनावटीच्या पंचवीस पौंडी तोफांनी होत असे. २०२३ पासून ती १०५ मिलिमीटरच्या भारतीय तोफांनी होते.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. इंग्रजीत ‘गनी बॅग’ म्हणून गोणपाटाच्या पोत्याला म्हणतात. तिचा ह्या गनशी काडीचाही संबंध नाही. तो आपलाच ‘गोणी’ शब्द. इंग्रजांनी तो येथून उचलून नेला.

पर्यायांची घरे

आता ह्या शब्दाचे इंग्रजी पर्याय पाहू. त्यांची मूळ घरे शोधत गेले म्हणजे एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते : नवे यंत्र आले, पण त्याला नाव देताना माणसाने घरातल्या, शेतातल्या, रानातल्या जुन्या वस्तूंकडेच हात पसरला.

‘कॅनन’ म्हणजे तोफ. हा शब्द लॅटिन ‘कान्ना’ म्हणजे वेत, बोरू, ह्यावरून आला. उसाला इंग्रजीत ‘केन’ म्हणतात तोही त्याच वंशातला. पोकळ कांडे ते नळी, आणि मोठी नळी ती तोफ. ‘पिस्टल’ हा शब्द चेक भाषेतल्या पिपाणीच्या नावावरून आला असे एक मत आहे. ‘हॉवित्झर’ही चेकच. पंधराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बोहेमियात हुसपंथी शेतकऱ्यांची सरदारांशी युद्धे झाली. त्यांत शत्रूच्या घोळक्यावर डागण्यासाठी जी तोफ होती तिला घोळक्याच्या नावावरून ‘हौफ्नित्से’ म्हणत. त्याचे पुढे हॉवित्झर झाले. ‘कल्व्हरिन’ म्हणजे सर्पिणी, ‘फाल्कनेट’ म्हणजे छोटा ससाणा. ‘मस्केट’ हा शब्द इटालियन ‘मोस्का’ म्हणजे माशी, ह्यापासून निघाला. आणि ‘मॉस्किटो’ म्हणजे डास, हा त्याच माशीचा दुसरा वंशज. तेव्हा मस्केट बंदूक आणि मच्छर हे एकमेकांचे चुलतभाऊ ठरतात. दोघांचाही डंख वाईट, हे मान्य करावेच लागेल!

ह्या इंग्रजी शब्दांना आपल्याकडे अचूक जोड्या सापडतात. उंटाच्या पाठीवर बसवून उडवायच्या लहान तोफेला मराठी कागदांत ‘जंबुरा’ म्हटले आहे. हा फारसी शब्द ‘जंबूर’ म्हणजे गांधीलमाशी ह्यावरून आला. युरोपाला माशी सुचली, इराणला गांधीलमाशी. ‘मॉर्टर’ म्हणजे इंग्रजीत कुटण्याचे उखळ. आणि त्याच आखूड, रुंद तोंडाच्या तोफेला आपण म्हणतो ‘उखळी तोफ’. एकाच आकाराने दोघांनाही स्वयंपाकघर आठवले.

मराठी नावांची वंशावळ

आपल्या मुख्य शब्दांची कहाणीही अशीच ऐकण्यासारखी आहे. ‘तोफ’ हा तुर्की ‘तोप’. त्याचा मूळ अर्थ चेंडू, गोल वस्तू. गोळ्याचे नाव तो फेकणाऱ्या यंत्राला मिळाले. इस्तंबूलचा ‘तोपकापी’ राजवाडा प्रसिद्ध आहे. तोपकापी म्हणजे तोफेचा दरवाजा. ‘बंदूक’ हा शब्द तर कोशकाराला चक्रावून सोडणारा आहे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक प्रकारचे कठीण कवचाचे फळ, हेझलनट. त्या फळाएवढ्या मातीच्या गोळ्यांनाही ‘बुंदुक’ म्हणू लागले, आणि त्या गोळ्या फेकण्याचे धनुष्य असे. तेराव्या शतकात इजिप्तच्या दरबारात ते धनुष्य वाहणारा ‘बुंदुकदार’ नावाचा मानकरी होता. म्हणजे बंदूक जन्मायच्या आधी बंदूकदार जन्मला! पुढे दारूने गोळी उडू लागली तेव्हा फळाचे नाव गोळीकडून धनुष्याकडे आणि धनुष्याकडून नळीकडे आले.

आणि स्वतः ‘दारू’? फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’ ह्या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. सोरा, कोळसा आणि गंधक ह्यांच्या त्या काळ्या भुकटीला औषध का म्हणावे? ह्याचे उत्तर चीनमध्ये आहे. नवव्या शतकाच्या सुमारास चिनी किमयागार आयुष्य वाढवणारी रसायने शोधत होते आणि त्या खटपटीत त्यांना ही भुकटी सापडली. चिनी भाषेत तिचे नाव आजही ‘अग्नीचे औषध’ असेच आहे. अमर होण्यासाठी निघालेल्या माणसाच्या हाती मारण्याचे साधन लागले, आणि शब्दाने ती गोष्ट हजार वर्षे जपून ठेवली.

‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे शब्द पोर्तुगिजांबरोबर कोकणकिनाऱ्याने आले. ‘रायफल’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’ इंग्रजांबरोबर. परंतु आपल्या लोकांनी नुसती उसनवारी केली असे मात्र नव्हे. ज्या बंदुकीला सुतळीचा पेटता तोडा लावावा लागे ती ‘तोड्याची बंदूक’. जिच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासावी लागे ती ‘ठासणीची बंदूक’. पाखरे उडवायला ‘छऱ्याची बंदूक’. ही नावे कोणा पंडितसभेने दिली नाहीत. बंदूक वापरणाराने आणि ती दुरुस्त करणाऱ्या लोहाराने दिली. आणि प्रत्येक नावात त्या हत्याराची कृती सांगितली आहे. इंग्रजी ‘गन’ ह्यांतले काहीच सांगत नाही.

हे शब्द आपल्या भाषेत किती मुरले ते पाहायचे असेल तर रोजचे बोलणे ऐकावे. आपण दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो, आपला बार फुसका निघतो, कोणी कोणावर टीकेची तोफ डागतो. ‘गोलंदाज’ म्हणजे पेशव्यांच्या काळी तोफेचा गोळा फेकणारा शिपाई. तोफखान्याचे प्रमुख पानसे, त्यांच्या हाताखाली असे गोलंदाज असत. आज तोच शब्द क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकणाराला लागला, आणि ‘तोप’ शब्दाचा मूळ अर्थ चेंडू हे लक्षात घेतले तर तो जणू आपल्या घरीच परतला. आणि ज्याच्या वक्तृत्वापुढे सभा हादरते त्याला आपण ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. ती खरी तोफ १५४९ साली अहमदनगरात एका तुर्की कारागिराने ओतली आणि पुढे विजापुरास गेली. वजन सुमारे ५५ टन, तोंड सिंहाच्या जबड्याचे. तिचे नाव ‘मलिक-इ-मैदान’, म्हणजे रणांगणाचा धनी. त्याचे मराठी जिभेने मुलूखमैदान केले. व्याख्यानमालेच्या चालकांना ह्या तोफेचे महत्त्व मी सांगावे असे नाही!

शब्द परका की आपला?

येथे एक प्रश्न कोणी विचारील. तोफ तुर्की, बंदूक अरबी, दारू फारसी, पिस्तूल पोर्तुगीज. मग मराठी काय राहिले? आणि हे सारे परकेच असतील तर त्यात इंग्रजी ‘गन’ची भर पडल्याने काय बिघडले?

हा प्रश्न जुना आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राजव्यवहारकोश तयार झाला. त्यात दरबारी व्यवहारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले असून शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्या उद्योगातून राज्यकारभाराच्या भाषेला नवे वळण मिळाले. तथापि गडावरच्या शिपायाच्या तोंडून तोफ आणि बंदूक गेल्या नाहीत. कारण वस्तू आणि शब्द एकदमच हाती आले होते, आणि शिपायाला दोन्हींचा उपयोग ठाऊक होता. आपण ‘अग्निशस्त्र’ हा शब्द कायद्याच्या भाषेत वापरतो. व्युत्पत्तीने पाहिले तर जे हातात धरून मारावे ते शस्त्र आणि जे फेकून मारावे ते अस्त्र. तेव्हा खरे म्हणजे ‘अग्न्यस्त्र’ म्हणायला हवे. पण रूढीने ‘अग्निशस्त्र’ स्वीकारले आणि त्याचा अर्थ कायद्याने बांधून दिला, म्हणून तो निर्दोष झाला.

सारांश, शब्दाचे कूळ परके आहे की स्वकीय, हा निकष येथे अपुरा आहे. इंग्रजीचे स्वतःचे शब्द तरी कुठे स्वतःचे आहेत? कॅनन इटलीहून, हॉवित्झर बोहेमियाहून, आणि गन नॉर्स बाईसाहेबांकडून. निकष असा असावा : हा शब्द आपल्याला वस्तू वेगळी ओळखू देतो की नाही? ‘रायफल’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’ ह्या शब्दांनी आपल्या भाषेत नवे भेद आणले, म्हणून त्यांचे स्वागत. ‘मशीनगन’ही तशीच, तिला दुसरे सुटसुटीत नाव मिळाले नाही. पण नुसता ‘गन’ हा शब्द असलेले भेद पुसतो. माझी तक्रार आहे ती त्याच्या परकेपणाबद्दल नव्हे, त्याच्या आंधळेपणाबद्दल आहे.

भेद पुसल्याने काय होते?

हे भेद म्हणजे पंडितांची हौस नव्हे. एका भेदाने हिंदुस्थानचा इतिहास हलवला आहे. ‘रायफल’ हा शब्द खोबणी पाडणे, चर कोरणे ह्या अर्थाच्या क्रियापदावरून आला. नळीच्या आत मळसूत्रासारखे पेचदार चर पाडले की गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि लांबवर नेम चुकत नाही. परंतु चरांमध्ये दारूचा मळ साचतो आणि गोळी तर घट्ट बसायला हवी. म्हणून कागदी काडतुसाला वंगण लागते. कंपनी सरकारने १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल आणली तेव्हा तिचे वंगण लावलेले काडतूस दातांनी फाडावे लागे, आणि ते वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचे आहे अशी बातमी शिपायांत पसरली. १८५७ च्या २९ मार्चला बराकपूरला आणि १० मे रोजी मेरठला काय झाले, ते आपण जाणताच. उठावाची कारणे खोल आणि अनेक होती. पण ठिणगी पडली ती गुळगुळीत नळी आणि चरांची नळी ह्यांतल्या फरकावर. ‘शिपायांना नव्या गन दिल्या’ एवढेच लिहिणाऱ्या इतिहासकाराला ती ठिणगी समजावून सांगता येणार नाही.

नेम जसा नळीवर, तसे जखमेचे रूप गोळीवर अवलंबून असते. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात अंगात शिरताच पसरणारी गोळी तयार झाली. ‘दमदम’ हे गावाचे नाव इंग्रजी शब्दकोशात शिरले आणि १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात तसल्या गोळ्या निषिद्ध ठरवल्या. निषेध झाला तो सगळ्या गोळ्यांचा नव्हे, एका जातीच्या गोळीचा. आणि तो करता आला, कारण तिला वेगळे नाव होते.

आजच्या कायद्याचेही तसेच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात काठी आणि साधी हातातली छडी शस्त्र नव्हे, पण स्फोटकाच्या किंवा अन्य शक्तीच्या जोराने काही फेकणारे कोणतेही साधन अग्निशस्त्र होय. त्यात तोफही येते. मात्र चाप दाबून धरला असता एकसारख्या गोळ्या सोडणारे हत्यार ‘निषिद्ध शस्त्र’ ठरते आणि त्याची शिक्षा अधिक कडक असते. परवानाधारकाला पूर्वी तीन अग्निशस्त्रे बाळगता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आली. अशा कायद्यापुढे पंचनाम्यात ‘एक गन सापडली’ असे लिहून कसे भागेल? ती ठासणीची की काडतुसाची, बारा बोअरची की दुसरी, एकेक गोळी सोडणारी की भडिमार करणारी, ह्यावर माणसाच्या आयुष्याची वर्षे ठरतात. आणि ‘बारा बोअर’ म्हणजे तरी काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक जेवढी होईल तेवढे त्या नळीचे तोंड, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरहून लहान असते. आकडा मोठा म्हणजे बंदूक मोठी, ही समजूत उलटी आहे.

शेवटचे उदाहरण आपणां सर्वांच्या जिव्हारी लागलेले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेकी आले, त्यांच्या हाती एके-४७ रायफली होत्या. तेथील पोलिसांपैकी काहींच्या हाती थ्री नॉट थ्री रायफली. ‘दोन्ही बाजूंकडे गन होत्या’ हे वाक्य शब्दशः खरे आहे, आणि तरी ते संपूर्ण असत्य आहे. थ्री नॉट थ्री म्हणजे ०·३०३ इंच तोंडाची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आराखड्याची रायफल; तिच्यात प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे ओढावा लागतो. एके-४७ चा चाप दाबून धरला तर मिनिटाला सुमारे ६०० च्या वेगाने गोळ्या सुटतात. आणि त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांच्या हाती ह्यांतले काहीही नव्हते. होती ती काठी. त्यांनी त्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. काय धरून ठेवले, हे नेमके सांगितल्याशिवाय त्या धैर्याचे माप सांगता येत नाही. ते माप ‘गन’ ह्या शब्दात मावत नाही.

काय करावे?

तेव्हा इंग्रजी मजकुरात ‘गन’ हा शब्द भेटला, तर भाषांतर करणाराने तीन प्रश्न विचारावेत. पहिला : ही गाड्यावरची, खांद्यावरची की मुठीतली? त्यावरून तोफ, बंदूक किंवा पिस्तूल हे ठरेल. दुसरा : नळी आतून गुळगुळीत की चरांची? त्यावरून छऱ्याची बंदूक की रायफल हे ठरेल. तिसरा : एक गोळी सुटल्यावर दुसरी कशी भरली जाते? तोंडाकडून ठासून, हाताने खटका ओढून, फिरत्या नळकांड्याने, की आपोआप? त्यावरून ठासणीची बंदूक, साधी रायफल, रिव्हॉल्व्हर की मशीनगन हे ठरेल. एवढे तीन प्रश्न विचारले तर मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षाही अधिक कळेल. आणि मजकुरावरून उत्तर मिळतच नसेल, तर ‘अग्निशस्त्र’ असे व्यापक नाव घालावे. त्याने निदान खोटी माहिती तरी दिली जात नाही.

हत्यार ह्या शब्दात हात आहे. हत्यार कोणते हे सांगितले म्हणजे त्यामागचा हातही दिसू लागतो : तो किती दूर होता, त्याला विचार करायला दोन गोळ्यांच्या मध्ये किती वेळ होता, त्याच्यापुढचा माणूस किती असहाय होता. नेमका शब्द वापरणे हा भाषेचा डामडौल नव्हे. जे घडले ते जसेच्या तसे सांगण्याचे ते पहिले साधन आहे, आणि आपल्या पूर्वजांनी, त्यांतही लिहितावाचता न येणाऱ्या शिपायांनी आणि लोहारांनी, ते आपल्या हाती तयार करून दिले आहे. ते गंजू देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.